आईच्या अज्ञानाचा पंचनामा

सार्वजनिक आरोग्याच्या नियतकालिकांतून एका विशिष्ट साच्याचे संशोधन नित्यनेमाने प्रसिद्ध होत असते. एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात मुलाला मांडीवर घेऊन ताटकळत बसलेल्या आयांना प्रश्नावलीवरून प्रश्न विचारले जातात. मुलाचा घसा दुखणे आणि त्याच्या हृदयाला इजा होणे यांचा काही संबंध आहे काय? दर तीन आठवड्यांनी द्यावयाची सुई मध्येच थांबवली तर काय होईल? उत्तरांना गुण देण्यात येतात, गुणांची सरासरी काढण्यात येते आणि निष्कर्ष निघतो की मातांचे ज्ञान अपुरे आहे, वृत्ती उदासीन आहे आणि आचरण समाधानकारक नाही. शिफारसही ठरलेलीच असते: जनजागृती करण्यात यावी.

या संशोधकांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्यांनी नोंदवलेली वस्तुस्थितीही बव्हंशी खरी आहे. घशाच्या दुखण्यातून हृदयाची झडप निकामी होऊ शकते हे या देशातील बहुसंख्य आयांना ठाऊक नाही. आक्षेप आहे तो वस्तुस्थितीपासून निष्कर्षापर्यंत मारलेल्या उडीला. रोग का टिकून आहे या प्रश्नाचे उत्तर म्हणून आईचे अज्ञान पुढे केले की घर, पगार, औषधाचा कारखाना, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि अर्थसंकल्प हे सारे साक्षीदार न्यायालयाबाहेरच राहतात. आरोपीच्या पिंजऱ्यात उरते ती एकटी आई.

रोगाची वाट

संधिज्वरजन्य हृदयविकार, म्हणजेच रुग्णालयाच्या कागदावर ‘रुमॅटिक हार्ट’ म्हणून लिहिला जाणारा आजार, हा पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना गाठणारा रोग आहे. स्ट्रेप्टोकॉकस जातीच्या एका जंतूमुळे घसा सुजतो. बहुतेक मुले त्यातून आपोआप बरी होतात. काहींच्या शरीरात मात्र त्या जंतूशी लढण्यासाठी निर्माण झालेली प्रतिकारशक्ती दोन-तीन आठवड्यांनी स्वतःच्याच ऊतींवर उलटते. गुडघा सुजतो, तो उतरतो न उतरतो तोच घोटा धरतो, मग कोपर. ताप येतो. काही मुलांचे हातपाय त्यांच्या इच्छेविरुद्ध हलू लागतात. सांध्यांची सूज पुढे मागमूस न ठेवता निघून जाते, पण हृदयाच्या झडपांवर उमटलेला व्रण राहतो आणि दर नव्या हल्ल्यागणिक तो खोल होत जातो. दहा-वीस वर्षांनी, ऐन कर्त्या वयात, जिना चढताना धाप लागू लागते तेव्हा त्या विसरलेल्या तापाचा हिशेब पुरा होतो.

या वाटेवर तीन ठिकाणी रोगाला अडवता येते. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलीन दिले तर संधिज्वर टळतो. एकदा संधिज्वर येऊन गेलेल्या मुलाला दर तीन ते चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलीनची सुई वर्षानुवर्षे दिली तर पुढचे हल्ले टळतात आणि झडप बरीचशी वाचते. हे दोन्ही नाके ओलांडून रोग पुढे गेला, तर उरते ती फुग्याने झडप रुंदावणे किंवा शस्त्रक्रियेने ती बदलणे. पहिल्या दोन ठिकाणचा खर्च काही रुपयांत मोजता येतो, तिसऱ्या ठिकाणचा लाखांत. विशेष म्हणजे इतक्या वर्षांच्या वापरानंतरही हा जंतू पेनिसिलीनला दाद देईनासा झालेला नाही. म्हणजे शास्त्र थकलेले नाही, औषध निकामी झालेले नाही. तरीही २०१५ सालच्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार जगात या विकाराचे सुमारे ३ कोटी ३४ लाख रुग्ण होते आणि त्यांपैकी सुमारे १ कोटी ३२ लाख एकट्या भारतात होते. त्या एका वर्षात भारतात या विकाराने सुमारे १ लाख १९ हजार माणसे मेली.

आई काय पाहते

आता आईच्या बाजूने पाहावे. मुलाचा घसा दुखतो ही घटना कोणत्याही घरात वर्षातून चार-सहा वेळा घडते. त्यांतील बहुतेक दुखणी विषाणूंमुळे होतात आणि हळदीचे दूध व मिठाच्या गुळण्या यांवर चार दिवसांत जातात. अनुभवाने तिला जे शिकवले ते खोटे नाही. खोकला-सर्दी नसताना एकाएकी चढलेला ताप, गिळताना होणारी तीव्र वेदना, टाळ्याच्या बाजूंना दिसणारा पू आणि मानेत सुजलेल्या गाठी, हे दुखणे निराळे आहे एवढाच भेद तिला कोणीतरी सांगायला हवा होता. तो शाळेच्या पुस्तकाने सांगितला नाही, आकाशवाणीने क्वचितच सांगितला आणि दवाखान्यातील डॉक्टरने, बाहेर वीस रुग्ण खोळंबले असताना, सांगण्याइतका वेळ काढला नाही.

त्यातही निसर्गाने एक कपट केले आहे. संधिज्वर झालेल्या अनेक मुलांच्या बाबतीत आधी घसा दुखल्याची आठवण कोणालाच नसते; आणि झडप बिघडलेल्या अनेक तरुणांना लहानपणी संधिज्वर झाल्याचे स्मरत नाही. पोर्तुगीज वसाहत राहिलेल्या मोझांबिकमध्ये आणि कंबोडियात शाळकरी मुलांची ध्वनिलहरींच्या यंत्राने तपासणी झाली. तिचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपला सापडलेल्या रुग्णांच्या सुमारे दहापट रुग्ण यंत्राला सापडले. जो रोग पदवीधराच्या कानाला दहातून नऊ वेळा चकवतो, तो निरक्षर आईने ओळखला नाही म्हणून तिचे गुण कापावयाचे, हा कोणता न्याय?

मराठी भाषेची साक्षही येथे काढली पाहिजे. देवीला, गोवराला, डांग्या खोकल्याला, घटसर्पाला या भाषेत नाव आहे आणि नावाबरोबर भयही आहे. या रोगाला घरोघरी बोलले जाणारे नावच नाही. ‘संधिवात’ म्हटले की डोळ्यांपुढे आजी येते, दहा वर्षांचे पोर येत नाही. गुडघे दुखतात म्हटले की ‘वाढीचे दुखणे’ असे म्हणून तेल चोळले जाते. हातपाय आपोआप हलू लागले, हातातील वाटी पडू लागली, अक्षर बिघडले, की शाळेत मास्तरांची छडी बसते आणि घरी बाहेरची बाधा म्हणून देवऋषी गाठला जातो. ज्या गोष्टीला नाव नाही तिच्याविषयी जागृत कसे व्हायचे? लोकांच्या रोगांना लोकांच्या भाषेत नाव देण्याचे काम ज्यांनी करावयाचे, त्या विद्यापीठांनी आणि आरोग्यखात्यांनी ते केले नाही. तो अपुरेपणा मात्र आईच्या खात्यात मांडला गेला.

सुईचे अर्थशास्त्र

समजा, आईला सर्व काही ठाऊक आहे. मुलाला संधिज्वर झाला, निदान झाले, डॉक्टरने नीट समजावून सांगितले आणि तिने ते मनावर घेतले. पुढे काय?

बीड किंवा अहिल्यानगर जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या कुटुंबाचे उदाहरण घ्यावे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन नवरा-बायको मिळून एक कोयता होतो आणि टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रातील किंवा कर्नाटकातील कारखान्याच्या वाटेला लागतो. पाच-सहा महिने मुक्काम कोपीत. दर तीन आठवड्यांच्या हिशेबाने या काळात मुलाला सात-आठ सुया पडावयास हव्यात. ज्या आरोग्य केंद्रात त्याचे कार्ड आहे ते शेकडो मैल मागे राहिले. फडाजवळच्या केंद्रात त्याची नोंद नाही, औषध असेलच याची शाश्वती नाही. सुई देऊन आणायची तर एक दिवस मोडतो आणि मोडलेल्या दिवसाचा खाडा पडतो. तो खाडा मजुरीतून वजा होतो, उचल फिटत नाही आणि पुढच्या हंगामाचे बंधन आणखी आवळले जाते. सुई फुकट असली तरी ती घेण्याची किंमत फुकट नाही. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला कळणारी ही गोष्ट आरोग्याच्या प्रश्नावलीत कोठेही मावत नाही. आई सुई चुकवते तेव्हा त्या प्रश्नावलीत ‘वृत्ती: उदासीन’ एवढेच लिहिले जाते.

मुंबईतील घरकामगार स्त्री, भिवंडीच्या यंत्रमागावरील मजुराची बायको, विदर्भातील शेतमजूर स्त्री, यांची उदाहरणे तपशिलात भिन्न असली तरी गणित तेच आहे. ज्या स्त्रीला भरपगारी रजा नाही, तिच्यासाठी वर्षातील तेरा ते सतरा सुया म्हणजे तेरा ते सतरा बुडालेले रोज होत. ही सुई वेदनादायक असते, मूल रडते, चार पावले लंगडते. तिची अॅलर्जी येऊन रोगी दगावेल या भीतीने अनेक खासगी डॉक्टर ती देण्याचेच टाळतात. वस्तुतः तशी तीव्र अॅलर्जी अत्यंत विरळ आहे. बालकाला टोचायला डॉक्टरच कचरतो तेव्हा आईची भीती अडाणीपणाची आणि डॉक्टरची भीती सावधपणाची, असा भेद कोणत्या तर्काने करावयाचा?

पिंपरीची कहाणी

आता सुई येते कोठून ते पाहू. स्वातंत्र्यानंतर सात वर्षांच्या आत, १९५४ साली, पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने उभा राहिला आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. परदेशी कंपन्यांच्या मर्जीवर अवलंबून असलेले औषध देशाच्या मातीत, देशाच्या कामगारांच्या हातून तयार होणे ही केवळ उद्योगाची घटना नव्हती. गरिबाच्या औषधाची जबाबदारी राज्याने पत्करल्याची ती ग्वाही होती. १९७५ सालच्या हाथी समितीनेही औषधांच्या क्षेत्रात सार्वजनिक उद्योगाकडे नेतृत्व असावे हीच दिशा दाखविली होती.

१९९१ नंतर ती दिशा सोडण्यात आली. आयातीची दारे सताड उघडली, स्वस्त चिनी मालापुढे देशातील पेनिसिलीनचे मूळ उत्पादन कोसळले, पिंपरीचा कारखाना आजारी पडला. २०१६ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याची अतिरिक्त जमीन विकून देणी भागविण्याचा निर्णय घेतला. म्हणजे ज्या जमिनीवर गरिबांच्या पोरांचे औषध तयार व्हावयाचे तिची किंमत चौरस फुटांत होऊ लागली. मूळ द्रव्याचे उत्पादन जगात मोजक्या कारखान्यांच्या हाती एकवटल्यामुळे बेंझाथिन पेनिसिलीनचा तुटवडा देशोदेशी वारंवार जाणवू लागला. कारण उघड आहे. औषध जुने, पेटंट कधीच संपलेले, किंमत अल्प आणि ग्राहक दरिद्री. अशा मालात भांडवलाला रस कशासाठी असावा? पुढे शहाणपण सुचले तेही भांडवलदारांच्या मार्गाने. २०२० साली उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना जाहीर झाली आणि २०२४ च्या ऑक्टोबरात आंध्रातील काकीनाडा येथे पेनिसिलीनच्या मूळ द्रव्याचा एक खासगी कारखाना सुरू झाला. देशात उत्पादन पुन्हा सुरू झाले याचे स्वागतच करावे. परंतु सार्वजनिक कारखाना मरू द्यायचा आणि नंतर सार्वजनिक पैशाने खासगी कारखान्याला उत्तेजन द्यायचे, या उलट्या व्यवहाराचा जाब विचारला पाहिजे. ज्या काळात केंद्रातून आई रिकाम्या हाताने परतत होती, त्या काळात तिच्या ‘आचरणा’चे मोजमाप चालू होते, याचीही नोंद राहावी.

झिरपण्याचा सिद्धांत, आरोग्यात

या प्रश्नाकडे राज्याचे अगदीच लक्ष नाही असे म्हणता येणार नाही. महाराष्ट्रात २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी जन आरोग्य योजना हृदयाच्या झडपेच्या शस्त्रक्रियेचा खर्च देते. २०१८ साली केंद्राची विमा योजनाही आली. शस्त्रक्रियेने अनेक प्राण वाचले आहेत आणि एकाही रुग्णाची शस्त्रक्रिया पैशावाचून अडता कामा नये. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने देशी कृत्रिम झडप सिद्ध केली आणि १९९० साली ती पहिल्यांदा रुग्णाला बसविण्यात आली, हेही सार्वजनिक विज्ञानाचे अभिमानास्पद यश होय.

परंतु या योजनांची रचना पाहावी. मूल झडप निकामी होऊन रुग्णालयात दाखल झाले की सरकार लाखाच्या आसपास खर्च करायला तयार आहे. ती झडप निकामी होऊ नये म्हणून दहा वर्षे तीन आठवड्यांनी एक सुई न चुकता पोचविण्याची व्यवस्था मात्र विम्याच्या चौकटीत बसत नाही. शस्त्रक्रियेचे बिल होते, पॅकेज होते, त्यात रुग्णालयाचा वाटा असतो, उद्घाटनाचा फलक असतो. सुईला यांतले काहीच नाही. आणि धातूची झडप बसविल्यानंतरही रोगी मोकळा होत नाही. रक्त पातळ ठेवण्याची गोळी आणि त्यासाठीची रक्ततपासणी जन्मभर पाठीशी लागते, तिचा भार पुन्हा कुटुंबाच्या खिशावर.

ज्यांच्या नावाने ही योजना चालते त्या जोतिरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन केले होते. वरच्या वर्गाला उच्च शिक्षण दिले की ते हळूहळू खाली झिरपेल हा सरकारी सिद्धांत त्यांनी खोडून काढला आणि सार्वजनिक पैसा प्राथमिक शिक्षणाकडे वळवावा अशी मागणी केली. आज आरोग्यात नेमका तोच झिरपण्याचा सिद्धांत राबविला जात आहे. शिखरावर शस्त्रक्रियागृहे, पायथ्याशी रिक्त पदे आणि रिकामे औषधाचे कपाट. जोतिरावांनी अविद्येला अनर्थांचे मूळ म्हटले हे सर्वांना पाठ असते; ती अविद्या कोणी लादली आणि तिच्यातून कोणाचा लाभ झाला हे त्यांनी त्याच दमात विचारले, याचा विसर पडतो. त्यांनी अज्ञानी माणसाला गुन्हेगार ठरविले नाही.

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार, महासाथीच्या छायेतील त्या वर्षातही, तो १.८४ टक्के होता आणि देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के वाटा कुटुंबांनी स्वतःच्या खिशातून उचलला होता. अज्ञानाची परीक्षा घ्यावयाचीच असेल तर ती अर्थखात्यापासून सुरू व्हावी.

मुलगी असेल तर

हा विकार स्त्रियांत अधिक आढळतो आणि स्त्रीच्या आयुष्यात तो अधिक क्रूर ठरतो. ‘मुलीला हृदयाचा आजार आहे’ हे वाक्य लग्नाच्या बाजारात उच्चारता येत नाही. म्हणून वयात आलेल्या मुलीची सुई बंद होते, कार्ड ट्रंकेच्या तळाशी जाते आणि सासरी कोणालाच काही सांगितले जात नाही. पुढे गरोदरपणात शरीरातील रक्ताचे प्रमाण वाढते, आकसलेल्या झडपेला तो भार पेलत नाही आणि तोवर दडवलेला रोग बाळंतिणीच्या धापेतून बाहेर पडतो. कृत्रिम झडप बसविलेल्या स्त्रीला तर रक्त पातळ करणारे औषध घ्यावे तर गर्भाला धोका आणि सोडावे तर स्वतःच्या जिवाला, अशा कात्रीत सापडावे लागते.

येथे आईची वृत्ती खरोखरच दोषी दिसते. मुलीचा आजार लपविणारी तीच असते. पण ती ज्या जगात मुलीला पाठवीत आहे त्या जगाची तिला पुरती जाण आहे, म्हणूनच ती लपविते. तिचे ते ज्ञान अपुरे नाही. हुंडा, पाळण्याची घाई आणि ‘सदोष’ सुनेला माहेरी पाठविण्याची रीत कायम ठेवून तिने सत्य सांगावे अशी अपेक्षा करणारे लोक तिच्याकडून एकटीने क्रांतीची मागणी करीत आहेत.

दोन आक्षेप

यावर दोन बाजूंनी आक्षेप घेतले जातील. पहिला आक्षेप सरकारी: हा रोग ओसरत चालला आहे, शहरी शाळांतून तो क्वचितच आढळतो, मग वेगळी यंत्रणा कशाला? ज्या समूहांचे राहणीमान सुधारले त्यांच्यात तो घटला आहे हे खरेच. युरोप-अमेरिकेतही पेनिसिलीन येण्यापूर्वीपासूनच तो घटू लागला होता, कारण तेथील घरे मोठी झाली, गर्दी कमी झाली, पोषण सुधारले. पण त्याच संपन्न जगात ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींत आणि न्यूझीलंडच्या माओरींत तो आजही ठाण मांडून आहे. हा रोग सरासरीने जगत नाही, तो एका खोलीत आठ माणसे झोपतात तेथे जगतो; आणि २०११ च्या जनगणनेनुसार भारतातील सुमारे ३७ टक्के कुटुंबे एका खोलीत राहत होती. १९६३ साली डॉ. राममनोहर लोहियांनी लोकसभेत तीन आण्यांचा प्रश्न उभा केला तो सरासरीच्या आड दडलेल्या माणसाला उजेडात आणण्यासाठीच. तीच दृष्टी येथे हवी.

दुसरा आक्षेप चळवळीतूनच येतो. मूळ कारण दारिद्र्य आहे, घरे आणि रोजगार मिळाले की रोग जाईल. तोवर मातांना शिकविणे म्हणजे मलमपट्टी आणि शिवाय गरिबावरच जबाबदारी ढकलणे होय, असे म्हणणारे कार्यकर्ते आहेत. त्यांची भूमिका वरकरणी जहाल असली तरी परिणामात ती आळसाची आहे. समाजवाद येईपर्यंत आज नऊ वर्षांच्या असलेल्या मुलीची झडप थांबून राहणार नाही. क्यूबाच्या पिनार देल रिओ प्रांतात १९८६ ते १९९६ या दहा वर्षांत काय घडले ते या कार्यकर्त्यांनी पाहावे. तेथे रुग्णांची नोंदवही ठेवण्यात आली, डॉक्टर, परिचारिका आणि शिक्षक यांना प्रशिक्षण दिले गेले, पालकांना व मुलांना रोगाची ओळख करून देण्यात आली आणि सुई खात्रीने पोचविण्यात आली. शाळकरी मुलांतील या विकाराचे प्रमाण हजारी २.२७ वरून ०.२४ वर आले. आईचे प्रबोधन तेथेही झाले, परंतु ते पुरवठ्याच्या जोडीने झाले. युगांडातील एका प्रयोगाचा निष्कर्षही २०२१ साली जाहीर झाला. झडपेत नुकताच, लक्षणांविना, दोष दिसू लागलेल्या आठशेहून अधिक मुलांपैकी निम्म्यांना दोन वर्षे ही सुई देण्यात आली. सुई मिळालेल्यांत रोग वाढल्याचे प्रमाण ०.८ टक्का, न मिळालेल्यांत ८.२ टक्के. जे ज्ञान एवढे फळ देते ते जनतेपर्यंत न पोचविणे हा क्रांतिकारकपणा ठरत नाही.

जाणती आई ही राज्याच्या जबाबदारीला पर्याय नसते. ती राज्याला जबाबदारीची आठवण करून देणारी असते. ज्या आईला सुईचे महत्त्व कळले आहे तीच औषध नसल्याचे ऐकून गप्प परत न जाता केंद्राच्या दारात बसेल. म्हणून सरकारी ‘जनजागृती’ आणि चळवळीचे लोकशिक्षण यांत मूलभूत भेद आहे. पहिली आईला तिचे कर्तव्य सांगून थांबते, दुसरे तिला तिचा हक्कही सांगते.

काय केले पाहिजे

मागण्या नेमक्या असाव्यात. क्षयरोगासाठी जसा स्वतंत्र राष्ट्रीय कार्यक्रम आहे तसा या रोगासाठीही हवा. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २००० ते २०१० या काळात जय विज्ञान प्रकल्पाखाली नोंदवह्यांचे जे प्रयोग केले, ते प्रकल्पाबरोबर संपू न देता प्रत्येक जिल्ह्यात कायमची नोंदवही व्हावी. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत या विकाराचे नाव आहे. पण पथक शाळेत वर्षातून एकदा येते आणि सुई तीन आठवड्यांनी लागते. निदानानंतरच्या पाठपुराव्याची जबाबदारी आशा सेविकेकडे, त्यासाठी ठरलेल्या मोबदल्यासह, सोपवावी. फुकटच्या सेवाभावावर ती लादू नये. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात बेंझाथिन पेनिसिलीनचा तीन महिन्यांचा साठा सक्तीचा असावा आणि तो फलकावर लिहिलेला असावा. स्थलांतरित मजुरांच्या मुलांचे कार्ड राज्यात कोठेही आणि राज्याबाहेरही चालावे. हंगामात साखर कारखान्यांच्या तळावर सुईचा दिवस ठरवावा व त्या दिवशीचा खाडा कापण्यास बंदी असावी. पिंपरीचा कारखाना जमिनीच्या भावाने न मोजता देशाच्या औषधाच्या गरजेने मोजावा. २०१८ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य सभेने या रोगाविरुद्ध ठराव संमत केला आहे. त्याची आठवण सरकारला सभागृहात करून द्यावी.

पक्षकार्यकर्त्यांनी मात्र सरकारची वाट पाहत बसू नये. प्रत्येक शाखेने आपल्या तालुक्यातील केंद्रात जाऊन गेल्या बारा महिन्यांत ही सुई किती दिवस शिल्लक नव्हती याची माहिती माहितीच्या अधिकाराखाली मिळवावी व ती गावात जाहीर वाचून दाखवावी. महिला आघाडीने वस्तीवस्तीत आयांच्या बैठका घ्याव्यात आणि चार गोष्टी सांगाव्यात: सर्दी-खोकल्यावाचून ताप आणि घशात पू दिसला तर नऊ दिवसांच्या आत दवाखाना, एका सांध्यातून दुसऱ्या सांध्यात जाणारी सूज ही वाढीचे दुखणे नव्हे, मुलाचे अक्षर एकाएकी बिघडले तर छडी नको, तपासणी हवी, आणि डॉक्टर थांबवा म्हणेपर्यंत सुई थांबवायची नाही, मुलगी असली तरी आणि तिचे लग्न ठरले तरी. युवक कार्यकर्त्यांनी सुईच्या दिवशी मुलाला केंद्रात नेऊन आणण्याचे काम वाटून घेतले तर एका आईचा एक रोज वाचेल. हे काम लहान दिसते. पण राज्यसंस्थेला जाब विचारण्याची ताकद अशाच लहान कामांतून साठत जाते.

यापुढे कोणी आईच्या अज्ञानाचा पंचनामा करावयास बसला, तर कार्यकर्त्याने त्याच्या हाती आणखी एक प्रश्नावली द्यावी. घर किती खोल्यांचे? रोज किती बुडाला? केंद्रात औषध होते काय? डॉक्टरने किती मिनिटे दिली? या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर मगच आईला गुण द्यावेत. कदाचित त्या दिवशी असे आढळेल की परीक्षेत नापास झालेले लोक बाकाच्या पलीकडे बसले आहेत.